घरातला सर्व्हर आणि ज्ञानाची नवी मक्तेदारी

आपल्या कार्यकर्त्यांमध्ये सध्या दोन समज घट्ट बसले आहेत. पहिला: "सगळे गुगलवर टाकून द्या, कशाला डोक्याला ताप?" दुसरा: "सर्व्हर आपल्या घरात आला की आपण स्वतंत्र झालो." पहिल्या समजाशी आम्ही बरीच वर्षे भांडत आलो आहोत. गेल्या उन्हाळ्यात आमच्या अभ्यासिकेचा सर्व्हर बंद पडला. तो पुन्हा उभा करताना आमची खात्री झाली, की दुसऱ्या समजाशीही तेवढ्याच जोराने भांडावे लागणार आहे.

सर्व्हर म्हटल्यावर कुणी काचेच्या थंडगार खोल्या डोळ्यांसमोर आणू नयेत. एका ऑफिसने मोडीत काढलेला डेस्कटॉप, त्यात डेबियन लिनक्स, ते चालवणारी एक छोटी एसएसडी आणि दोन मोठ्या हार्डडिस्क. हे सगळे एका कार्यकर्त्याच्या घरात, पिंपापासून लांब, भांड्यांच्या जुन्या मांडणीवर ठेवलेले. त्यात स्पर्धा परीक्षेच्या नोट्स आहेत. त्या गेल्या तरी पुन्हा मिळतील. पण एका डिस्कवर वस्त्यावस्त्यांतून गोळा केलेल्या भीमगीतांची रेकॉर्डिंग आहेत आणि त्यातले काही गायक आज हयात नाहीत. दुसऱ्या डिस्कवर ॲट्रॉसिटीच्या प्रकरणांचे कागद आहेत. एफआयआर, जबाब, वैद्यकीय अहवाल, जखमांचे फोटो. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणे हा कायद्याने गुन्हा आहे, तरीही असे कागद व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवरून बिनधास्त फिरताना आपण रोज पाहतो. ते ठेवायला आपली जागा हवी, एवढ्या एका कारणासाठी आम्ही हा उद्योग सुरू केला.

फुकटच्या जागेचे काय होते, हे आपल्या पिढीने पाहिलेले आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले. याहू ग्रुप्स २०२० मध्ये संपले. मायस्पेसने तर २०१९ मध्ये जाहीर करून टाकले, की सर्व्हर हलवताना बारा वर्षांत लोकांनी चढवलेले संगीत गेले. दाद कुणाकडे मागणार? घर मालकाचे होते. बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभा केला, तो हौस म्हणून नव्हे. पण छापखाना म्हणजे नुसते यंत्र नसते. खिळे जुळवणारी माणसे लागतात, आणि ती एकापेक्षा जास्त लागतात. घरच्या सर्व्हरबद्दल बोलताना आपण नेमके हेच विसरतो.

आता बिघाडाकडे येऊ. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज गेली, आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा आली ती दाब वाढवून. यंत्र ठार बंद, पंखासुद्धा फिरेना. दुरुस्तीच्या दुकानदाराने पॉवर सप्लाय बदलला. यंत्र सुरू झाले, पण पडद्यावर 'चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली. त्यावर त्याने निकाल दिला, "हार्डडिस्क मेली. डेटा विसरा, नाहीतर मुंबईला पाठवा, चाळीस-पन्नास हजारांची तयारी ठेवा." एका प्रकरणाची सुनावणी पंधरा दिवसांवर होती. मूळ कागद वकिलांकडे होते, पण जबाबांतली विसंगती दाखवणारी आमची टिपणे याच डिस्कवर.

आम्ही यंत्र परत आणले. पहिली गोष्ट दिसली ती घड्याळाची. तारीख कित्येक वर्षे मागची दाखवत होते. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. तो संपलेला होता. वीज पूर्ण तुटल्यावर बोर्ड आपल्या सेटिंग विसरला आणि कारखान्यातून आला तसा झाला. कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे आणि डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचे, हे दोन्ही बदलून बसले. नवा सेल पन्नास रुपयांच्या आत आला. आमच्या वहीत त्या दोन सेटिंग लिहून ठेवलेल्या होत्या, त्या केल्या आणि 'मेलेली' एसएसडी उठून बसली. दुकानदार लबाड होता असे आम्ही म्हणत नाही. त्याच्याकडे नवीन डिस्क विकायला होती, आणि आमची वही त्याच्याकडे नव्हती.

पुढचे मात्र इतके सोपे नव्हते. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. कागदपत्रांच्या डिस्कवर केबलशी संबंधित चुकांचा आकडा वाढत चालला होता. साटा केबल बदलली, आकडा जागच्या जागी थांबला. म्हणजे डिस्क ठणठणीत, दुखणे वायरचे. रेकॉर्डिंगच्या डिस्कवर मात्र न वाचता येणारे सेक्टर दिसत होते. ही खरी आजारी. अशा वेळी हौशी माणूस सर्वात आधी दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवतो आणि मरणाऱ्या डिस्कवर आणखी लिहून तिला लवकर मारतो. आधी काढायची ती प्रत. डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम नीट वाचता येणारा भाग अगोदर उचलतो, खराब जागा शेवटी ठेवतो आणि कुठवर आलो याचा नकाशा जपतो, त्यामुळे वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येते. दोन रात्री तो चालला.

महिन्याला एकदा प्रत घेतलेली वेगळी डिस्क दुसऱ्या घरात होतीच. प्रश्न होता मधल्या तीन आठवड्यांच्या रेकॉर्डिंगचा. ते जवळपास सगळे निघाले. एका आजींच्या गाण्यांची अकरा मिनिटे गेली. आमच्यातले दोघे पुन्हा रेकॉर्डर घेऊन गेले तेव्हा आजी म्हणाल्या, "मागल्या टायमाला म्हटलं तेच म्हणंन असं नाही हां." आणि खरेच वेगळे म्हटले.

काही मित्रांनी सुचवले, "रेड लावा, दोन डिस्कवर एकच मजकूर, विषय संपला." विषय संपत नाही. रेडमुळे एक डिस्क मेली तरी यंत्र चालू राहते, इतकेच. चुकून फाइल पुसली तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते, आणि विजेचा झटका एकाच डब्यातल्या दोघींनाही बसतो. स्मार्टच्या भरवशावरही झोपू नका. गुगलने स्वतःच्या हजारो डिस्कचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी धोक्याच्या चार प्रमुख खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. मोठ्या कंपन्यांचे तरी काय? ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका इंजिनिअरकडून मुख्य डेटाबेसच पुसला गेला. प्रती ठेवण्याच्या पाच पद्धती होत्या, ऐनवेळी एकही धड कामाला आली नाही. सहा तास जुनी एक प्रत योगायोगाने हाती लागली म्हणून निभावले. परत चढवून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हेच.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या मुद्द्यावर येतो. यंत्र चालू झाले होते. पण झटका खाल्लेल्या बोर्डवर भरवसा ठेवायचा नाही आणि दुसऱ्या जुन्या डेस्कटॉपवर सगळे कोऱ्या पाटीपासून उभे करायचे, असे आम्ही ठरवले. हा सर्व्हर ज्या मित्राने पहिल्यांदा बांधला तो आता बंगळूरला नोकरीला आहे. त्याला फोन करायचा नाही, हेही ठरवले. वहीवरून काम दोन मुलींनी करायचे. एक मराठीत बी.ए. झालेली, दुसरी तलाठी परीक्षेची तयारी करणारी. तोपर्यंत अभ्यासिकेत मुलींच्या वाट्याला नोंदवही आणि सूत्रसंचालन येत असे, आणि यंत्राभोवती पोरांचे कोंडाळे. आपल्या संघटनांमध्ये हे चित्र सर्रास आहे आणि त्याबद्दल बोलले की लोक विषय बदलतात.

पहिल्या दिवशी दोघींनी लिनक्स चढवले, डिस्क जोडल्या, अर्धे काम झाले. दुसऱ्या दिवशी वहीच्या चौदाव्या पानावर गाडी अडली. तिथे त्या मित्राने लिहिले होते, 'इथे नेहमीचे परवानग्यांचे सेटिंग करावे.' बी.ए.वाली म्हणाली, "नेहमीचे म्हणजे कुणाच्या नेहमीचे?"

समाजशास्त्राच्या दोन वर्षांत ज्ञानाच्या मक्तेदारीवर आम्ही पुष्कळ वाचले, पण इतका नेमका प्रश्न क्वचितच भेटला. 'नेहमीचे' हे ज्याला आधीच माहीत आहे त्याच्याच नेहमीचे असते. तो मित्र आपलाच, जयभीमवाला, मनाने निर्मळ. त्याने काही लपवले नव्हते. तरीही त्या एका शब्दाने दार बंद झाले. मक्तेदारीला दर वेळी दुष्ट माणूस लागतोच असे नाही. 'ते त्याला माहीत आहे, त्याला विचारा' हे वाक्य पुरते, आणि ते आपल्या प्रत्येक संघटनेत ऐकू येते. सर्व्हरबद्दल, बँकेच्या खात्याबद्दल, कोर्टाच्या तारखांबद्दलही.

दोघींनी एक पूर्ण दिवस घालवून ते सेटिंग शोधून काढले: कोणत्या फोल्डरला कोण वाचू शकेल, कोण लिहू शकेल, प्रकरणांचे फोल्डर फक्त तिघांनाच का. मग वहीत तो शब्द खोडून तिथे दीड पान लिहिले. मराठीत लिहिले. कुणी म्हणेल, दिवस वाया गेला, एका फोनने काम झाले असते. झाले असते. आणि पुढच्या वळवाला पुन्हा त्याच फोनची वाट बघत बसलो असतो. सुनावणीची टिपणे तोवर डिस्कवरून काढून वकिलांकडे पोचली होती, म्हणून तो दिवस आम्हाला परवडला, हेही खरे.

गुगलवाल्यांशी आमचे भांडण संपलेले नाही, पण एक मान्य: तिसरी प्रत दूर कुठेतरी हवीच. घर जळाले, पूर आला तर शेजारच्या वस्तीतली प्रतही जाईल. ती प्रत आता आम्ही कुलूपबंद करून, म्हणजे एन्क्रिप्ट करून, भाड्याच्या क्लाउडवर ठेवतो. किल्लीचा परवलीचा शब्द कागदावर लिहून दोन बंद पाकिटांत, दोन वेगवेगळ्या घरी. एक पाकीट त्या दोघींपैकी एकीकडे आहे. यावर एका ज्येष्ठांनी भुवया उंचावल्या. "तिचे लग्न झाले की?" असा त्यांचा सवाल होता. मग पाकीट दुसऱ्याकडे जाईल, जसे मुलगा पुण्याला गेला की जाते.

दर तीन महिन्यांनी एका रविवारी वहीवरून रिकाम्या यंत्रावर सगळे पुन्हा उभे करून पाहायचे, आणि दर वेळी ज्याने आधी केलेले नाही त्यानेच करायचे, असा नियम केला आहे. पुढच्या वेळी पाळी अकरावीतल्या एका मुलाची आहे. वहीची फोटोप्रत हवी असलेल्या अभ्यासिकांनी जरूर कळवावे. परवलीचे शब्द वगळून देऊ.

जय भीम.