दायमाबादचा रथ आणि उन्हाळ्याची सुट्टी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की शहरांतील सुखवस्तू घरांत सहलींचे बेत सुरू होतात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील ऊसतोड कुटुंबांच्या आयुष्यात या सुट्टीला निराळाच अर्थ आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडलेले कुटुंब गळीत हंगाम संपल्यावर गावी परतते. आई, बाप आणि मुले स्वतःच्या छपराखाली एकत्र असण्याचे दिवस म्हणजे नेमके चैत्र-वैशाखाचे. या दिवसांत त्यांच्या वाट्याला सार्वजनिक म्हणावे असे काय येते? पाण्याचा टँकर, फार तर गावची जत्रा.

१९७७ पासून १८ मे हा दिवस जगभर संग्रहालय दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी काही ठिकाणी प्रवेश मोफत ठेवतात, वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवर पुन्हा तिकिटे फाटू लागतात. सुट्टीचे सर्व दिवस संग्रहालये व संरक्षित वास्तू श्रमिक कुटुंबांना विनामूल्य खुल्या असाव्यात, ही मागणी पक्षाने उचलून धरण्याजोगी आहे. मात्र ती कोणत्या स्वरूपात मांडायची, याचा नीट विचार झालेला नाही.

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तेथे छबू लक्ष्मण भिल्ल या शेतकऱ्याला एका झुडपाच्या बुडाशी खणताना काशाची चार शिल्पे मिळाली: बैलजोडीचा रथ व त्यात उभा असलेला सारथी, रेडा, हत्ती आणि गेंडा. चारही मिळून वजन साठ किलोंहून अधिक. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत वाद आहे, परंतु सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळाशी त्यांचे नाते अनेकांनी मान्य केले आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथे १९७९ पर्यंत उत्खनन केले. शिल्पे अर्थातच मुंबई-दिल्लीच्या संग्रहालयांत गेली. ती तेथे सुरक्षित आहेत, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती अशी, की ज्या आदिवासी शेतकऱ्याच्या हाताने हा ठेवा उजेडात आला, त्याच्या गावच्या पोराला तो पाहायचा तर शेकडो मैलांचा प्रवास करावा लागतो, वर तिकीटही काढावे लागते. मालकी राष्ट्राची म्हणायची आणि दर्शन मात्र ऐपतीप्रमाणे, हा न्याय अजब आहे.

तरीही तिकीट रद्द केले की प्रश्न सुटला, असे समजणे भाबडेपणाचे होईल. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत पंधरा वर्षांखालील मुलांना आजही तिकीट नाही. अजिंठा-वेरूळला प्रौढ भारतीयाला चाळीस रुपये पडतात. म्हणून मजुरांची कुटुंबे तेथे लोटली आहेत काय? ब्रिटनने डिसेंबर २००१ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयांतील प्रवेशशुल्क काढून टाकले. पूर्वी शुल्क घेणाऱ्या संग्रहालयांतील भेटींची संख्या दहा वर्षांत दुपटीहून अधिक झाली, परंतु त्या वाढीतील मोठा वाटा पूर्वीपासून जाणाऱ्या सुशिक्षित वर्गाचाच होता. गरिबाच्या बाबतीत प्रवेशशुल्क हा खर्चाचा सर्वांत लहान भाग असतो. प्रवासभाडे आणि बुडालेली मजुरी हे मोठे भाग, आणि आपल्यासारख्याचे तेथे काय काम, हा संकोच त्याहून मोठा.

हिशेब मांडून पाहावा. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे भाडे आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही निम्मे. म्हणजे आई-बाप व दोन मुले यांना एका फेरीला अडीच तिकिटे, जाऊन-येऊन पाच. जानेवारी २०२५ मध्ये भाडे सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढले. दोन माणसांचा एकेका दिवसाचा रोज यात मिळवला, तर संग्रहालयाचे तिकीट किरकोळ ठरते. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी धावली ती पुणे-अहमदनगर मार्गावर. त्याच जिल्ह्यात सुट्टीतील 'कुटुंब सहल गाडी' विनाभाडे सुरू करणे महामंडळास शोभेल. तिची भरपाई अर्थात राज्याने केली पाहिजे. पैसा नाही ही सबब चालणार नाही. ६ मे २०२५ रोजी चौंडी येथे मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि अहिल्यादेवींच्या जन्मस्थानासाठी सुमारे ६८१ कोटींचा आराखडा मंजूर झाला. दगडी बांधकामाला कोटी आणि त्याच जामखेड तालुक्यातील कोयत्यावाल्याच्या मुलांच्या गाडीभाड्याला पै नाही, असा हा क्रम आहे.

ज्यांना प्यायला पाणी नाही त्यांना संग्रहालये कशाला, असा आक्षेप आपल्या काही साथींकडूनही येतो. त्यांनी याच नगरात जन्मलेल्या मधू दंडवते यांचे उदाहरण आठवावे. १९७७ नंतर रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आणली. ती चैन आहे असे तेव्हा म्हणणारे स्वतः बहुधा वरच्या वर्गाने प्रवास करीत असावेत! पाणी आणि रथ यांत निवड करायला लावणे हीच मुळात वरिष्ठ वर्गाची युक्ती आहे.

नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई यांच्यासमवेत आचार्य नरेंद्र देव स्थानबद्ध होते. नेहरूंचा भारतशोधाचा ग्रंथ तेथेच लिहिला गेला. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. पहारेकऱ्याला पाहून खेड्यातला माणूस दारातूनच परततो. त्याला सोबत हवी, आणि समजेल अशा मराठीत सांगणारा कोणी हवा. सेवा दलाच्या शिबिरांत वाढलेल्या कार्यकर्त्यांना हे काम नवे नाही.

तेव्हा तालुका शाखांनी चैत्रातच याद्या कराव्यात. मजुरांना सहा महिने ट्रॅक्टर-ट्रकांतून फडावर नेणाऱ्या साखर कारखान्यांकडे एका दिवसाच्या गाडीची आणि त्या दिवसाच्या मजुरीची मागणी लेखी करावी. दायमाबादच्या शिल्पांच्या उत्तम प्रतिकृती नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात व खुद्द गावात मांडाव्यात, असा ठराव जिल्हा परिषदेपुढे आणावा. १८ मे ते ३१ मे, म्हणजे संग्रहालय दिनापासून अहिल्यादेवींच्या जयंतीपर्यंत, हा पंधरवडा पहिल्या प्रयोगाला पुरेसा आहे, आणि त्यातील पहिली गाडी श्रीरामपूरच्या भिल्ल वस्त्यांवरून सुटावी.