आतला संगणक उठेना तेव्हा

इंदूरहून एका वाचक ताईंचा प्रश्न आलाय. त्या घरूनच डीटीपीची कामं करतात. मंडळाच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, ओळखीतल्यांचे दोन-तीन कवितासंग्रह असं बरंच काम जुन्या पेजमेकरमध्ये आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये झालेलं आहे. हे सगळं चालतं ते विंडोज एक्सपीवर. नवा संगणक घेतला तेव्हा भाच्याने व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्याच्या आत एक्सपी बसवून दिली. मध्यंतरी संगणक दुरुस्तीला जाऊन आला आणि तेव्हापासून आतली एक्सपी उठायलाच तयार नाही. दुरुस्तीवाले म्हणतात, "ते काढून टाका, नवीन करून देतो." ताई विचारतात, काढू का?

ताई, नका काढू! आणि वाचकहो, तुमच्याही घरी असं मशीन असेल तर ‘रिमूव्ह’ आणि त्याखालचं ‘डिलीट ऑल फाइल्स’ या दोन शब्दांपासून आज चार हात लांब राहा.

आधी हे काय प्रकरण आहे ते पाहू. व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा संगणक. आपल्याला स्वतःची हार्ड डिस्क आहे असं त्याला वाटतं. खरं तर ती डिस्क म्हणजे तुमच्याच संगणकावरची एक भलीमोठी फाइल असते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तिच्या नावाच्या शेवटी बहुधा ‘व्हीडीआय’ असतं, व्हीएमवेअरमध्ये ‘व्हीएमडीके’. ताईंच्या साऱ्या स्मरणिका त्या एका फाइलीत आहेत. मशीन सुरू न होणं वेगळं आणि ती फाइल बिघडणं वेगळं. बऱ्याचदा फाइल ठणठणीत असते, घोडं बाहेरच कुठेतरी अडलेलं असतं.

म्हणून दुरुस्तीच्या आधी नक्कल. व्हर्च्युअलबॉक्स पूर्ण बंद करा आणि त्या मशीनच्या नावाचा अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. एकटी मोठी फाइल उचलू नका. कधीकाळी ‘स्नॅपशॉट’ घेतला असेल तर त्यानंतरचं काम वेगळ्या फाइलींत साठत जातं, आणि नुसती मूळ फाइल नेली तर कामही जुन्या तारखेचंच मिळतं. पेन ड्राइव्हवर कॉपी करताना "फाइल फार मोठी आहे" असं आलं तर घाबरू नका. तो ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असणार, आणि त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावतच नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस केलेला ड्राइव्ह घ्या.

आता मशीन सुरू करून पाहा, आणि जो संदेश येईल त्याचा मोबाइलवर फोटो काढा. ‘ओके’ दाबायची घाई आपल्या सगळ्यांनाच असते आणि मग "काहीतरी एरर आला होता" एवढंच आठवतं. खाली ‘डिटेल्स’ असेल तर तेही उघडून टिपून घ्या.

संदेशात ‘व्हीटी-एक्स’ किंवा ‘एएमडी-व्ही’ दिसलं तर अर्धं काम झालं म्हणा. आतला संगणक चालवण्यासाठी प्रोसेसरमध्ये एक खास सोय असते, ती बंद आहे असा याचा अर्थ. खात्री करायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’ पाहा. तिथे ‘व्हर्च्युअलायझेशन’समोर ‘डिसेबल्ड’ असेल तर बायोसमध्ये जाऊन ते चालू करावं लागेल. संगणक सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबून बायोस उघडतं; काही कंपन्यांची कळ वेगळी असते. इंटेलच्या संगणकात ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’, एएमडीच्या संगणकात ‘एसव्हीएम मोड’ शोधा, ‘एनेबल्ड’ करा आणि बदल सेव्ह करून बाहेर या. बाकी काही छेडू नका. एक खबरदारी मात्र घ्या. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर बायोस बदलल्यावर ते रिकव्हरी की मागू शकतं. ती की हाताशी असल्याशिवाय बायोसमध्ये शिरू नका.

पण चालू असलेली सोय बंद कशी झाली? ताईंच्या बाबतीत माझा पहिला संशय दुरुस्तीवर आहे. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाची, एक रुपयाच्या नाण्यासारखी बॅटरी असते. ती काढली किंवा संपली की बायोसची सेटिंग्ज मूळपदावर जातात, आणि अनेक संगणकांत मूळपदावर ही सोय बंदच असते. संगणक सुरू करताना घड्याळ भलतीच जुनी तारीख दाखवत असेल तर बॅटरीच संपली समजा. ती नवी घातल्याशिवाय सेटिंग टिकणार नाही.

टास्क मॅनेजर ‘एनेबल्ड’ म्हणतोय आणि तरीही तक्रार व्हीटी-एक्सचीच आहे? मग ती सोय दुसऱ्या कुणीतरी आधीच ताब्यात घेतली आहे. विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही, ‘व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म’ आणि सुरक्षेसाठीचं ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही त्यातली मंडळी. अलीकडचं व्हर्च्युअलबॉक्स यांच्या सोबतीनेही चालतं, फक्त मंद. खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतं, ते याचंच चिन्ह! आधी व्हर्च्युअलबॉक्सच नवं करून पाहा. मेमरी इंटिग्रिटी बंद करणं म्हणजे घराची कडी काढून ठेवणं, ते अगदी शेवटी. आणि मुलं त्याच संगणकावर प्रोग्रॅमिंग शिकत असतील तर हायपर-व्ही काढण्याआधी त्यांना विचारा. डॉकर वगैरे त्यांचा पसारा बहुधा त्यावरच उभा असतो.

बाकीची कारणं यापेक्षा साधी आहेत. सी ड्राइव्ह भरला की आतल्या मशीनचा श्वास कोंडतो, कारण ती मोठी फाइल वापराप्रमाणे फुगत जाते. एक्सपीच्या आत जाऊन फाइली पुसल्या तरी ती आपोआप बारीक होत नाही. जागा बाहेरच करावी लागते. मेमरी कमी पडल्याचा संदेश असेल तर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ उघडा आणि सरकपट्टी हिरव्या भागातच ठेवा. एक्सपीला १ जीबी म्हणजे मेजवानी.

नावासमोर ‘सेव्ह्ड’ लिहिलंय आणि मशीन तिथून पुढे सरकत नाही, तर ‘डिस्कार्ड सेव्ह्ड स्टेट’ करा. हे वायर ओढून संगणक बंद करण्यासारखं आहे. तेव्हा उघडं असलेलं आणि सेव्ह न केलेलं काम जाईल, डिस्कवर सेव्ह झालेल्या फाइली राहतील. ‘इनअॅक्सेसिबल’ लिहिलं असेल तर मशीनची सेटिंग्जची छोटी फाइल हरवली किंवा वीज जाताना रिकामी झाली असू शकते. त्याच फोल्डरमध्ये शेवटी ‘व्हीबॉक्स-प्रीव्ह’ असलेली आधीची प्रत असते. व्हर्च्युअलबॉक्स बंद करून तिच्या नावातलं ‘-प्रीव्ह’ काढलं की काम होतं.

काहीच जमलं नाही तर नवं मशीन तयार करा आणि डिस्क विचारल्यावर ‘एक्झिस्टिंग’ निवडून जुन्या फाइलीची नक्कल जोडा. मूळ फाइल जोडू नका. स्नॅपशॉट असतील तर हा मार्ग थांबवून जाणकाराला बोलवा, कारण मूळ डिस्कवर नवं काही लिहिलं गेलं की पुढचे दुवे तुटतात. एक्सपी अर्ध्यावर निळा पडदा दाखवून ७बी असा आकडा देत असेल तर डिस्क बहुधा साटावर जोडली गेली आहे. ‘स्टोरेज’मध्ये ती आयडीईवर घ्या.

मशीन उठलं, की त्याच बैठकीत स्मरणिकांच्या पीडीएफ करून बाहेर काढा. आणि त्या एक्सपीचं नेटवर्क ‘सेटिंग्ज’मधून बंद ठेवा. ८ एप्रिल २०१४ नंतर मायक्रोसॉफ्टने तिच्याकडे लक्ष देणं थांबवलंय, आणि पेजमेकरला इंटरनेट लागत नाही.