गोळीबरोबरचे दोन शब्द

बडोद्यात आमच्या आजोबांना रक्तदाबासाठी प्राझोसिन दिले. पहिली गोळी घेतल्यावर ते अंथरुणातून झटकन उठले आणि भोवळ येऊन पडले. पहिली गोळी रात्री निजताना घ्यावी, सावकाश उठावे, हे कोणी सांगितलेच नव्हते!

हीच गोळी कोकणात जीव वाचवते. लाल विंचवाच्या विषाने अंगात अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आकसतात, हृदय थकते. प्राझोसिन रक्तवाहिन्यांवरील अल्फा ग्राहके अडवते, त्या सैलावतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा हा उपचार १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पण तेथेही रोग्याला आडवे ठेवायचे, हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी गोळी द्यायची, रक्तदाब पाहत राहायचे. म्हणजे गोळीइतकीच परिचारिकेची नजर मोलाची.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. गोळीची किंमत पावतीवर दिसते. परिचारिकेचे दोन शब्द कोणत्याच खात्यात जमा होत नाहीत. जे हिशेबात नाही, त्याला वेळही मिळत नाही. माझ्या मते रुग्णालयांनी तो वेळ परिचारिकांच्या कामातच धरावा. आणि ते शब्द रोग्याच्या भाषेत असावेत. मग ती मराठी असो, गुजराती असो वा कन्नड.