फुगे ते टायर: मधली नऊ वर्षं कुठे गेली?

एमआरएफची गोष्ट प्रत्येक ट्रेनर सांगतो. 1946 ला मद्रासच्या तिरुवोट्टियूरमध्ये के. एम. मम्मेन माप्पिल्लई यांनी एका शेडमध्ये फुगे बनवायला घेतले आणि पुढे टायरवाले झाले. ऐकायला भारी! पण मधलं गाळलं की हीच गोष्ट फसवी होते.

1952 ला त्यांनी ट्रेड रबर धरलं. म्हणजे झिजलेला टायर रिमोल्ड करताना वर चढवतात ते रबर. हा माल तेव्हा परदेशी कंपन्यांच्या हातात होता. ट्रकवाल्याला दरवेळी नवा टायर परवडत नाही, जुना मात्र झिजतोच. गिऱ्हाईक परत येणारच ना! स्वतःचा टायर आला तो 1961 ला, तोही अमेरिकेच्या मॅन्सफिल्ड कंपनीचं तंत्रज्ञान घेऊन. या नऊ वर्षांना टाळ्या पडत नाहीत, म्हणून ती कोणी सांगत नाही.

मावळातली पोरं विचारतात, "सर, मोठं काय करू?" अरे, खंडाळ्याच्या घाटात रोज किती ट्रक चढतात बघ. कामशेत-वडगावला जुन्या हायवेवर एखाद्या टायरवाल्याकडे दिवसभर बस. कोणता माल तो बाहेरून मागवतो, किती दिवस थांबतो, वहीत लिही. कर्जाचं मग बोलू.