प्रतीक्षेचा भुर्दंड कोणी सोसायचा?

२०२५ च्या जुलै महिन्यात केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने 'नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परदेशी शिष्यवृत्तीचा २०२५-२६ या वर्षाचा निकाल जाहीर केला. अर्ज आले होते ४४०, निवड झाली १०६ जणांची. परंतु या १०६ पैकी केवळ ४० जणांना तात्पुरती मंजुरीपत्रे देण्यात आली. उरलेल्या ६६ जणांना, निधी उपलब्ध झाल्यास पत्रे देण्यात येतील, असे कळविण्यात आले. विद्यार्थ्यांनी आपली परीक्षा दिली व ते उत्तीर्ण झाले. अनुत्तीर्ण झाले ते शासन. आणि त्या अपयशाची किंमत मोजण्याची पाळी मात्र उत्तीर्णांवर आली.

या घटनेकडे एक प्रशासकीय गलथानपणा म्हणून पाहण्याची सवय आपल्या सार्वजनिक जीवनाला जडली आहे. फाइल अडकली, मंजुरी लांबली, आज ना उद्या पत्र येईल, असे म्हणून सुशिक्षित वर्ग मोकळा होतो. ज्यांच्या घरात दोन वर्षे पुरेल एवढी पुंजी आहे, त्यांना हा विलंब गैरसोयीचा वाटेल. त्याहून अधिक काही वाटणार नाही. ज्यांच्या घरात पुढच्या महिन्याची तरतूद नाही, त्यांच्या बाबतीत विलंब आणि नकार यांत फरक उरत नाही. शिष्यवृत्तीची रक्कम किती याची चर्चा आपण करतो. ती कोणत्या तारखेला कळते याची करीत नाही. वस्तुतः तारीख हा त्या हक्काचाच एक भाग आहे.

प्रथम ही शिष्यवृत्ती कोणासाठी आहे ते पाहिले पाहिजे. १९५४-५५ साली ती सुरू झाली. २०२१-२२ पासून तिच्या जागा १०० वरून १२५ करण्यात आल्या. त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त व भटक्या जमातींसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व परंपरागत कारागीर यांच्या मुलांसाठी अशी विभागणी ठरविण्यात आली. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील अनुसूचित जातींची लोकसंख्या २० कोटींहून अधिक होती. वीस कोटींमागे वर्षाला ११५ जागा! हा समुद्रातला थेंब आहे, हे कोणीही कबूल करील. एवढा थेंबही वेळेवर पोचविता येत नसेल, तर कल्याणकारी राज्य हा शब्द कशासाठी वापरावयाचा?

आता प्रतीक्षेच्या काळात विद्यार्थ्याच्या वाट्याला काय येते ते तपशिलाने पाहिले पाहिजे. कारण अन्याय नेहमी तपशिलातच दडलेला असतो. ब्रिटनमधील बहुतेक विद्यापीठांचे वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होते. तत्पूर्वी कित्येक विद्यापीठे प्रवेश निश्चित करण्यासाठी शुल्काचा काही भाग अनामत म्हणून मागतात. त्यासाठी दिलेली मुदत विद्यापीठाची असते. दिल्लीच्या मंत्रालयाचे वेळापत्रक तिला ठाऊक नसते. व्हिसासाठी अर्ज करावयाचा, तर शुल्क आणि निर्वाहखर्च यांची रक्कम बँकेच्या खात्यात सलग २८ दिवस असल्याचा पुरावा द्यावा लागतो. शासन पुरस्कर्ता असेल तर या अटीतून सुटका होते, पण त्यासाठी शासनाचे पत्र हातात असावे लागते. शिवाय २०२४ च्या फेब्रुवारीपासून विद्यार्थ्यांना तेथील आरोग्यसेवेपोटी प्रत्येक वर्षाचे ७७६ पौंड व्हिसाच्या अर्जासोबतच भरावे लागत आहेत. पुढे कधीतरी या रकमांची भरपाई होईल, हे खरे. पण आज भरावयाचे पैसे उद्याच्या भरपाईतून भरता येत नाहीत.

मग कर्ज काढावे, असा सल्ला दिला जातो. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार ४ लाख रुपयांपर्यंत तारण लागत नाही आणि साडेसात लाखांच्या वर गेले की मालमत्तेचे तारण द्यावे लागते. परदेशातील एका वर्षाचा खर्च साडेसात लाखांत भागत नाही, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी नको. भूमिहीन शेतमजुराच्या मुलीने तारण म्हणून काय ठेवावयाचे? ज्या कुटुंबाकडे जमीन नाही म्हणून शासनाने त्याला योजनेस पात्र ठरविले, त्याच कुटुंबाला शासनाच्या विलंबामुळे जमीन गहाण ठेवण्याचा सल्ला मिळतो. याहून क्रूर विनोद शोधून सापडणार नाही.

याखेरीज ज्याची नोंद कोणत्याही हिशेबाच्या वहीत होत नाही, असा खर्च वेगळाच आहे. निकाल केव्हा लागणार हे माहीत नसल्यामुळे हा तरुण नोकरी स्वीकारू शकत नाही, स्वीकारलेली सोडू शकत नाही, येथल्या विद्यापीठातील संशोधनाची जागाही निश्चित करू शकत नाही. त्यातच योजनेची वयोमर्यादा ३५ वर्षांची. घरातला पहिलाच पदवीधर असलेला मुलगा तिशी उलटल्यावर अर्ज करतो, तेव्हा वाया गेलेले एक वर्ष हे त्याच्यासाठी शेवटचे वर्ष असू शकते. गावात लोक विचारतात, "काय रे, तुझ्या परदेशाचं काय झालं?" या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नसते, कारण ते शासनाजवळही नसते. अनिश्चिततेचा भार जो सर्वांत कमी पेलू शकतो त्याच्याच खांद्यावर तो टाकणे, हा एक प्रकारचा करच आहे. आणि हा कर उत्पन्न जितके कमी तितका जड होत जातो.

निधी नाही, हे कारण कितपत टिकते? हिशेब सोपा आहे. एका विद्यार्थ्यामागे वर्षाला अगदी ५० लाख रुपये खर्च धरला, तरी ६६ जणांचा वर्षाचा खर्च ३३ कोटी रुपये होतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकाचा आकार ५० लाख कोटींहून अधिक होता. त्या रकमेचा हा सुमारे दीड लाखावा हिस्सा. एवढ्यासाठी देशाची तिजोरी अडते, असे कोणी गंभीरपणे म्हणणार नाही. याच अंदाजपत्रकात परदेशी पैसे पाठविणाऱ्यांना एक सवलत देण्यात आली. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेकडून कर्ज काढून परदेशी शिक्षणासाठी रक्कम पाठविणाऱ्यांकडून उगमस्थानी जो कर गोळा केला जात असे, तो रद्द झाला. स्वतःच्या पैशातून रक्कम पाठविणाऱ्यांसाठी करमुक्त मर्यादा ७ लाखांवरून १० लाखांवर नेण्यात आली. हा कर पुढे आयकरात वळता होत असे, म्हणून सवलत फार मोठी होती असे नव्हे. मुद्दा तारखेचा आहे. ती सवलत १ एप्रिल २०२५ रोजी, ठरल्या दिवशी अमलात आली. निधीच्या उपलब्धतेनुसार ती देण्यात येईल, असे कोणाही पालकाला कळविण्यात आले नाही. ज्याच्याजवळ पाठविण्याजोगा पैसा आहे त्याच्यासाठी शासनाचे घड्याळ बिनचूक चालते. ज्याच्याजवळ तो नाही त्याच्या वेळीच ते कसे बंद पडते?

शिष्यवृत्ती आणि काळ यांचे नाते किती निर्णायक असते, हे महाराष्ट्राने तरी विसरता कामा नये. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि भीमराव आंबेडकर नावाचा तरुण कोलंबिया विद्यापीठात पोचला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांच्या वडिलांचे निधन झाले होते. शिष्यवृत्तीचा निर्णय एक-दोन वर्षे लांबता, तर काय झाले असते याची कल्पनाच केलेली बरी. पुढे मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मग सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठविले, छत्रपती शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांचे साहाय्य घेतले, तेव्हा कुठे १९२० मध्ये त्यांना लंडन पुन्हा गाठता आले. डी. एस्सी. पदवी मिळाली ती १९२३ मध्ये. ही तीन वर्षे बाबासाहेबांच्या असामान्य जिद्दीने भरून काढली. परंतु असामान्य माणसाच्या जिद्दीवर सामान्यांसाठीची योजना उभी करता येत नाही. म्हणूनच १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना देशात आणि परदेशात शिकण्यासाठी सरकारी तिजोरीतून तरतूद मागितली. त्यांना हवी होती ती शासनावरील बांधिलकी. दानशूर राजाची मर्जी लाभण्याचे भाग्य प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, हे त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार?

आज राजे गेले. मर्जी मात्र राहिली. प्रतीक्षेच्या अंधाऱ्या काळातच ती आपला खेळ खेळते. २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्राने या शिष्यवृत्तीच्या नियमांत बदल करून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. ज्यांनी वर्ष-वर्ष खपून संशोधनाचे आराखडे तयार केले होते, त्यांच्या हातचे काम एका परिपत्रकाने निरर्थक ठरले. १९१६ साली कोलंबियात जातिसंस्थेवर निबंध वाचणारा विद्यार्थी या नियमाखाली अपात्र ठरला असता, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानी आले नसेल काय? अमेरिकेतही याहून निराळे चित्र नाही. १९४६ साली सुरू झालेल्या फुलब्राइट योजनेचा भारताशी करार १९५० मध्ये झाला आणि २००८ पासून ती नेहरूंचे नाव जोडून उभय देशांच्या समान खर्चाने चालविण्याचे ठरले. त्या योजनेच्या मंडळातील बहुसंख्य सदस्यांनी २०२५ च्या जूनमध्ये राजीनामे दिले. विद्वानांच्या समित्यांनी निवडलेल्या सुमारे २०० अमेरिकन अध्यापक-संशोधकांना शासनाने नकार दिला आणि सुमारे १२०० परदेशी उमेदवारांची नव्याने छाननी चालविली, असा त्यांचा आरोप होता. निवड झाल्यानंतरही निकाल लांबत राहिला की त्या फटीतून सत्ता आत शिरते. मुदत ही केवळ सोय नसून मनमानीला घातलेला बांध आहे, हे त्यावरून दिसते.

समाजवादी कार्यकर्त्यांतूनच एक आक्षेप येतो, त्याचाही विचार केला पाहिजे. गावातील शाळेला छप्पर नसताना परदेशी शिक्षणाचे लाड कशाला? शिकून ही मुले परत येतात थोडीच? आक्षेपामागील कळकळ खरी आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. शाळेचे छप्पर आणि ही शिष्यवृत्ती यांत निवड करण्याची वेळ या ३३ कोटींमुळे आलेली नाही. शिवाय परदेशी शिक्षणाने माणूस आपल्या लोकांना दुरावतोच असेही नाही. जयप्रकाश नारायण १९२२ ते १९२९ अमेरिकेत होते. द्राक्षमळ्यांत आणि उपाहारगृहांत मजुरी करून ते शिकले आणि तेथूनच समाजवादी विचार घेऊन परतले. राममनोहर लोहियांनी बर्लिनमध्ये मिठावरील कर आणि सत्याग्रह या विषयावर प्रबंध लिहिला. परतण्याचे बंधन घालावयाचे असेल तर जरूर घालावे. बडोदे संस्थानानेही दहा वर्षांच्या सेवेचा करार लिहून घेतला होता. पण करार दोन्ही बाजूंवर बंधनकारक असतो. विद्यार्थ्याने मुदत चुकविली तर तो अपात्र ठरतो. शासनाने मुदत चुकविली तर कोण अपात्र ठरते?

तेव्हा मागणी स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे. जितक्या जागांची जाहिरात निघेल, तितक्यांच्या खर्चाची मंजुरी जाहिरातीपूर्वीच घेतलेली असावी. निकालाची तारीख जाहिरातीतच छापावी आणि ती एप्रिल महिन्याच्या पुढे जाता कामा नये. ती चुकल्यास अनामत रक्कम आणि व्हिसाचा खर्च शासनाने आगाऊ द्यावा व उमेदवाराचे वय मूळ तारखेस मोजावे. नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचे कारण लेखी कळवावे. एकदा निघालेल्या जाहिरातीच्या अटी मध्येच बदलू नयेत. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीलाही हेच नियम लागू व्हावेत. शाहू महाराजांचे नाव लावणाऱ्या योजनेकडून तेवढी अपेक्षा करणे गैर नाही.

या मागण्यांत क्रांतिकारक असे काहीच नाही. पण त्यांच्यासाठी मोर्चा निघत नाही, कारण वाट पाहणारे थोडे आहेत, विखुरलेले आहेत, आणि यादीतून आपले नाव गळेल या भीतीने गप्प आहेत. त्यांच्यासाठी बोलण्याचे काम ज्यांना अशी भीती नाही त्यांचे आहे. प्रत्येक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील अर्जदारांची नोंद करावी, कोणाचा अर्ज किती दिवस पडून आहे याचा तक्ता तयार करावा, माहितीच्या अधिकाराखाली तारखा मागाव्यात आणि अधिवेशनापूर्वी त्या आमदार-खासदारांच्या हाती द्याव्यात. मग निधी नाही असे म्हणणाऱ्या मंत्र्याला त्या तक्त्यातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे, किती दिवस आणि का, याचे उत्तर द्यावे लागेल.