निषादाची नजर

बदकांची शिकार ही पहाटेची शिकार. उजाडण्यापूर्वी लव्हाळ्यांत जाऊन लपण धरायचे, कुत्र्याला शेजारी बसवायचे, आणि त्यानंतर बराच वेळ काहीही करायचे नाही. बदके येतील तेव्हा येतील. मध्येच कुत्र्याचे नाक वर होते, त्याच्या अंगावरून शहारा जातो. आभाळ तर रिकामेच असते. मग पाण्यावर बाणाच्या टोकासारखी एक रेघ सरकत येताना दिसते. रेघेच्या टोकाशी चपटे डोके, मिशा. पाणमांजर. शिकाऱ्याचा एक हात बंदुकीवर, दुसरा कुत्र्याच्या मानेवर. तिघेही काही क्षण एकाच पाण्याकडे पाहत असतात.

या क्षणाकडे निसर्गलेखनाच्या अभ्यासकांनी पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही, असे आमचे मत आहे. नदीकाठी फिरायला आलेल्या रसिकाला पाणमांजर सहसा दिसत नाही. मारायला आलेल्या माणसाला ते दिसते, कारण निश्चल कसे राहावे हे त्याला ठाऊक असते. हे मान्य करणे अडचणीचे वाटते म्हणून आपण ते वगळतो.

'निसर्गलेखन' हा ऐच्छिक घटक शिकवताना आम्हीही ते वगळत होतो. तौलनिक अभ्यासासाठी आम्ही हेन्री विल्यमसनची 'टार्का द ऑटर' (१९२७) घेतली होती. उत्तर डेव्हनमधील टॉ आणि टॉरिज या नद्यांच्या प्रदेशातील एका पाणमांजराचे हे चरित्र; त्याला १९२८ साली हॉथॉर्नडन पारितोषिक मिळाले. विल्यमसन स्वतः पाणमांजरांच्या शिकारीमागे पायी हिंडत असे, हे सांगितल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "मग त्याचं त्या प्राण्यावर प्रेम कसं म्हणायचं?" आम्ही उत्तर दिले की लेखकाचे पुढे हृदयपरिवर्तन झाले. हे उत्तर सोयीचे होते. पुस्तकात त्याला आधार नाही.

पुस्तकात आहे ती शिकार, आणि तीही आतून पाहिलेली. पाणमांजराला निसटता येऊ नये म्हणून उथळ पाण्यात पायाला पाय लावून उभी राहिलेली माणसांची भिंत. पाण्यावर तरंगणाऱ्या गंधामागे पोहणारे कुत्रे. आणि डेडलॉक, कुत्र्यांच्या कळपातील तो प्रमुख, ज्याच्या नावाभोवती टार्काच्या आयुष्याचा अर्धा भयपट विणलेला आहे. शेवटच्या झुंजीत टार्का डेडलॉकला बुडवतो. कुत्र्याचे प्रेत वर काढले जाते, आणि त्यानंतर पाण्यावर बुडबुडे येतात व थांबतात. टार्का मेला असे वाक्य तेथे नाही. काठावरून जेवढे दिसू शकते तेवढेच लेखक सांगतो. हा संयम काठावर प्रत्यक्ष उभे राहिल्याशिवाय येत नाही, आणि त्या काठावर तो शिकाऱ्यांसोबतच उभा होता. (विल्यमसन पुढे ब्रिटिश फॅसिस्टांच्या नादी लागला, हेही वर्गात सहसा सांगितले जात नाही. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

शिकारी मंडळ्यांच्या दप्तराची गोष्ट याहून विलक्षण आहे. किती दिवस बाहेर पडलो, किती पाणमांजरे आढळली, याच्या नोंदी या मंडळ्या ठेवत. १९५७च्या सुमारापासून हे आकडे एकाएकी घसरले. पॉल चॅनिन आणि डॉन जेफरीज यांनी १९७८ साली याच नोंदींच्या आधारे ऱ्हासाचा काळ निश्चित केला आणि डिएल्ड्रिनसारख्या कीटकनाशकांकडे बोट दाखवले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पाणमांजराला कायद्याचे संरक्षण मिळाले. पुढे २०११ साली ते इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात परतल्याचे जाहीर झाले. ते नाहीसे होत असल्याचा पुरावा ज्यांनी जपून ठेवला, ते त्याला मारायला निघालेले लोक होते.

गॅव्हिन मॅक्सवेलच्या 'रिंग ऑफ ब्राइट वॉटर' (१९६०) मध्ये कुत्रा आणि पाणमांजर यांचे नाते वेगळ्या वळणाने येते. जॉनी हा त्याचा स्प्रिंगर स्पॅनियल. झुडपांतून पक्षी उठवावेत आणि पडलेला पक्षी तोंडात धरून आणावा, यासाठी जोपासलेली ही जात. जॉनी गेल्यावर मॅक्सवेलला लगेच दुसरा कुत्रा नको होता. त्या रिकाम्या जागेतून पाणमांजर पाळण्याची कल्पना निघाली. १९५६ साली विल्फ्रेड थेसिजरसोबत दक्षिण इराकच्या दलदलीत गेल्यावर त्याला मिजबिल मिळाला. हाच मॅक्सवेल काही वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या समुद्रात शार्कच्या शिकारीचा धंदा करत होता. मिजबिल ज्या जातीचा, तीच जात आपल्या कोकणात आणि गोव्यात खाड्यांच्या काठी आजही आढळते. आपण तिला पाणमांजर म्हणतो, ऊदही म्हणतो. हा 'ऊद' संस्कृत 'उद्र'मधून आला, आणि इंग्रजी 'ऑटर' त्याच कुळातला. उदमांजर मात्र वेगळे. विद्यार्थी हमखास येथे घोटाळा करतात.

आपल्या काव्यशास्त्राने या प्रश्नाची मांडणी फार पूर्वी करून ठेवली आहे. क्रौंचवधाच्या कथेत शोक करणारा कवी एका बाजूला आणि बाण मारणारा निषाद दुसऱ्या बाजूला. करुणेचा हक्क कवीकडे, शाप निषादाकडे. ही विभागणी इतकी रुजली आहे की दोघे एकाच देहात असू शकतात हे आपल्याला पटत नाही. लोककथेला ते पटले होते. तिने वाल्मीकीलाच आधी वाल्या कोळी केले. पण तेथेही वाल्या संपल्यावरच वाल्मीकी सुरू होतो. विल्यमसनच्या पुस्तकात दोघे शेवटच्या पानापर्यंत सोबत चालतात, आणि आमच्या मते त्या पुस्तकाचे बळ तेथेच आहे.

व्यंकटेश माडगूळकरांबद्दल आपण असेच करतो. त्यांनी बंदूक खाली ठेवली हे आवर्जून सांगतो. 'सत्तांतर'मधील वानरांच्या टोळ्यांचे क्रौर्य न डगमगता पाहणारी नजर कोठे घडली, हे विचारत नाही. याचा अर्थ शिकारीचे समर्थन करावे असा कोणी घेऊ नये. डेडलॉकच्या जबड्यात काय असते हे आम्ही विसरलेलो नाही.

गेल्या वर्षीच्या अंतर्गत परीक्षेत आम्हीच काढलेला प्रश्न होता : 'लेखकाचे निसर्गप्रेम सोदाहरण स्पष्ट करा.' एका विद्यार्थिनीने डेडलॉकवर दीड पान लिहिले. मरताना त्याच्याबद्दलही वाईट वाटते, आणि लेखकाला तसेच वाटावयास हवे होते, असा तिचा मुद्दा होता. आम्ही तयार केलेल्या उत्तरसूचीत डेडलॉकचा उल्लेख नव्हता. तिला किती गुण द्यावेत यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला, आणि अखेर दोघांनी दिलेल्या गुणांची सरासरी काढावी लागली.