सुनेचं कौतुक पुरे

मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळात 'टोकियो स्टोरी' दाखवला. यासुजिरो ओझूंचा, 1953 सालचा जपानी चित्रपट. संपल्यावर बायका डोळे पुसत म्हणाल्या, "सून असावी तर अशी!" तिथंच माझं डोकं फिरलं.

गोष्ट साधी आहे. ओनोमिची गावचे म्हातारा-म्हातारी टोकियोला मुलांकडं येतात. मुलगा डॉक्टर, मुलीचं ब्यूटी पार्लर. दोघांनाही सवड नाही. म्हणून त्यांना आतामीच्या गरम झऱ्यांवर धाडतात. तिथल्या रात्रीच्या दंग्याला कंटाळून ती लवकर परततात, तर नेमकी त्याच रात्री मुलीच्या घरी बैठक. मायेनं करते ती एकटी नोरिको, लढाईत गेलेल्या मुलाची बायको.

आईचं क्रियाकर्म होतं न होतं तोच मुलगी तिचे कपडे मागते. आमच्याकडं सगळ्यांनी तिला हावरट ठरवलं. आहे खरी ती तुसडी. पण पार्लर बंद ठेवून तिचं कसं चालायचं? आणि तिच्या लहानपणी हाच बाप पिऊन घरी यायचा, हे कुणी ऐकलंच नाही काय? लढाईआधी तिथं घराण्याचा वारस थोरला मुलगा असायचा. 1948 पासून नव्या कायद्यानं मुलींनाही वाटा मिळाला. आपल्याकडं 1956 चा वारसा कायदा जैनांनाही लागू आहे, 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत लेकीचा हिस्सा मुलाइतकाच. तरी हक्कसोडपत्रावर मुकाट सही करते तीच आपल्यात गुणाची लेक! त्या मुलीनं मागितलं काय, तर आईची वस्त्रं.

आता नोरिको. नवऱ्याला जाऊन आठ वर्षं झालीत. सासू स्वतः तिला म्हणते, दुसरं लग्न कर. शेवटी सासरा बायकोचं घड्याळ तिच्या हातात देऊन तेच सांगतो. तीही कबूल करते, की तुम्ही समजता तेवढी मी चांगली नाही; कित्येक दिवस मला त्यांची आठवणही येत नाही. एवढं खरं बोलणारी सून आपल्याला चालेल?

आमच्या गल्लीत बत्तिशीतली एक विधवा सून आहे. दशलक्षणात तिला शाल-श्रीफळ देऊन सेवेचा गौरव झाला. टाळ्या मीही वाजवल्या. नंतर पायऱ्या उतरताना मी एका अक्कांना विचारलं, हिच्यासाठी स्थळ बघूया का?

त्या थबकल्या. म्हणाल्या, "अगं, मग सासूला कोण बघणार?"